आगीचा हिशेब, अरण्याचा हिशेब

सात मजल्यांची कार्यालयाची इमारत, आणि तिचे खांब, तुळया, तक्तपोशी सगळे लाकडाचे, असे कुणी सांगितले तर आपल्या मनात लगेच दोन शंका येतात. पहिली, ही इमारत पेटली तर काय? दुसरी, एवढ्या लाकडासाठी किती जंगल तुटले असेल? दोन्ही शंका रास्त आहेत. किंबहुना गेल्या दोनशे वर्षांचा लाकडी इमारतींचा इतिहास म्हणजे या दोन शंकांचाच इतिहास आहे, असे मला वाटते. तो मी आज एका शहराच्या निमित्ताने सांगणार आहे. हे शहर म्हणजे अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातले मिनियापोलिस.

हेच शहर का, तर तिथल्या नॉर्थ लूप नावाच्या जुन्या व्यापारी भागात शंभर वर्षांच्या अंतराने बांधलेल्या दोन मोठ्या लाकडी इमारती आजही उभ्या आहेत. एक १९०६ ते १९०८ या काळात बांधलेले घाऊक मालाचे गोदाम, तर दुसरी २०१६ मध्ये पुरी झालेली कार्यालयांची इमारत. मधल्या शतकात लाकूड मोठ्या बांधकामांतून जवळजवळ हद्दपार झाले आणि पुन्हा परत आले. ते का गेले आणि का परतले, हे समजून घेतले तर आज 'हरित इमारत' या नावाखाली जे काही सांगितले जाते, त्यातले खरे किती आणि वरवरचे किती, हे आपल्याला पारखता येईल.

मिनियापोलिस वसले ते मिसिसिपी नदीवरच्या सेंट अँथनी धबधब्यापाशी. पाण्याच्या जोरावर तिथे दोन प्रकारच्या गिरण्या चालत. एक पिठाच्या आणि दुसऱ्या लाकूड कापण्याच्या. उत्तरेकडे पांढऱ्या पाइन वृक्षांची अफाट अरण्ये होती. हिवाळ्यात बर्फावरून ओंडके ओढून नदीकाठी आणायचे, वसंतात बर्फ वितळले की नदीत सोडायचे, आणि खाली शहरात गिरण्यांपाशी अडवून चिरायचे, असा तो उद्योग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिनियापोलिस जगातल्या सर्वांत मोठ्या लाकूडपेठांपैकी एक झाले होते. पश्चिमेकडच्या विस्तीर्ण माळरानांवर जी शेते आणि गावे वसत होती, त्यांची घरे, कोठारे, कुंपणे या लाकडातून उभी राहत होती. त्याच शेतकऱ्यांना लागणारे नांगर आणि कापणीयंत्रे रेल्वेने मिनियापोलिसला येत आणि तिथून पुढे पाठवली जात. या व्यापारासाठी रेल्वेरुळांच्या कडेला जी गोदामे उभी राहिली, तोच हा नॉर्थ लूपचा भाग.

आता पहिला हिशेब, आगीचा. लाकडाच्या शहरांनी आगीची किंमत किती मोजली याची दोन टोके एकाच रात्री दिसली. ती रात्र ८ ऑक्टोबर १८७१ ची. त्या रात्री शिकागो पेटले. सुमारे तीनशे माणसे मेली, लाखभर लोक बेघर झाले आणि सतरा हजारांवर इमारती जळाल्या. शिकागोची आग जगाला ठाऊक आहे. पण त्याच रात्री विस्कॉन्सिन राज्यात, उत्तरेकडच्या जंगलात, पेश्तिगो नावाचे लाकूडतोडीवर जगणारे गाव वणव्यात भस्मसात झाले आणि त्या वणव्यात बाराशेहून अधिक माणसे गेली. शिकागोपेक्षा कितीतरी अधिक. विल्यम ऑग्डेन हा शिकागोचा पहिला महापौर. पेश्तिगोतल्या लाकडाच्या कारखान्याचा मालकही तोच होता. एका रात्रीत त्याचे शहरातले घर गेले आणि जंगलातला कारखानाही. शहराची आग आणि अरण्याची आग या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या, हे त्या एका माणसाच्या नुकसानीत दिसते.

आगीला उत्तर शोधले ते मात्र वास्तुविशारदांनी नव्हे, विमा उतरवणाऱ्यांनी. ऱ्होड आयलंड राज्यात झकारिया अ‍ॅलन नावाचे एक कापडगिरणीवाले होते. त्यांनी आपली गिरणी आगीपासून जपावी म्हणून तिच्या बांधणीत पुष्कळ सुधारणा केल्या आणि विमा कंपनीकडे हप्ता कमी करण्याची मागणी केली. कंपनीने नकार दिला. तेव्हा १८३५ मध्ये त्यांनी इतर गिरणीमालकांना एकत्र करून परस्पर विम्याची संस्थाच काढली. नियम सोपा होता. जो गिरणी नीट बांधील त्यालाच सभासद करायचे, आणि नुकसान कमी झाले की वाचलेला पैसा सर्वांना परत द्यायचा. या संस्थांच्या निरीक्षकांनी पन्नासएक वर्षांत बांधणीची एक पद्धतच घडवली. तिला 'सावकाश जळणारी बांधणी' असे नाव पडले.

नाव ऐकून हसू येते. पण विचार पक्का होता. लाकूड जळणार नाही, असा दावा ही पद्धत करत नव्हती. ते हळू जळेल, एवढेच ती म्हणत होती. बारीक वासे आणि पातळ फळ्या काडीसारख्या पेटतात. जाड तुळई तशी पेटत नाही. तिचा बाहेरचा थर कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून वाचवतो. जाड लाकूड मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर या वेगाने आत जळत जाते, म्हणजे तासाभरात चार सेंटिमीटरच्या आसपास. तुळई पुरेशी जाड असेल तर तेवढ्या वेळात माणसे बाहेर पडतात आणि बंब पोचतात. उघडे लोखंड मात्र जळत नसले तरी साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सियसला निम्मी ताकद गमावून बसते आणि वाकते. म्हणून नियम असे झाले: बाहेरच्या भिंती विटांच्या हव्यात. खांब आणि तुळया जाड आणि दूर दूर हव्यात. त्यांवर तीन-तीन इंच जाडीच्या फळ्यांची तक्तपोशी हवी. छताखाली पोकळी ठेवायची नाही, कारण आग लपते आणि पसरते ती पोकळीतच. जिना मुख्य दालनात नको, विटांच्या वेगळ्या मनोऱ्यात हवा. तुळईचे भिंतीत शिरणारे टोक तिरके कापायचे, म्हणजे ती जळून पडलीच तर भिंतीला सोबत ओढून नेणार नाही. १८८० च्या दशकापासून त्यात छतावरच्या पाण्याच्या फवाऱ्यांचीही भर पडली.

मिनियापोलिसचे ते १९०६ चे गोदाम याच पद्धतीचे. बटलर ब्रदर्स ही छोट्या दुकानदारांना सूचिपत्रावरून घाऊक माल पुरवणारी पेढी. हॅरी वाइल्ड जोन्स या वास्तुविशारदाने तिच्यासाठी नऊ मजली गोदाम बांधले. बाहेरून ते विटांच्या किल्ल्यासारखे दिसते. आत मात्र लाकडी खांबांचे रानच आहे. खालच्या मजल्यांवर भार जास्त म्हणून खांब जाडजूड, आणि वर जावे तसे ते बारीक होत जातात. मालाचे प्रचंड ओझे वाहणाऱ्या या सांगाड्यात १९७० च्या दशकात कार्यालये आली. इमारतीच्या मध्यावर मोठा चौक कापून वरून उजेड आत घेतला गेला आणि जुने खांब-तुळया मुद्दाम उघडे ठेवले गेले. आज तिला बटलर स्क्वेअर म्हणतात. म्हणजे आगीच्या हिशेबात लाकूड नापास झाले होते, असे म्हणता येत नाही. अटी पाळल्या तर ते पास होत होते.

मग ते गेले कशामुळे? उत्तर त्याच शहरात, त्याच वर्षी मिळते. १९०६ मध्ये मिनियापोलिसमध्येच सी. ए. पी. टर्नर या अभियंत्याने जॉन्सन-बोव्ही इमारतीत सलोह काँक्रीटचा सपाट स्लॅब वापरला. तुळया नाहीतच, फक्त डोक्याशी छत्रीसारखे रुंदावणारे खांब आणि त्यांवर थेट स्लॅब. ही पद्धत पुढे जगभर गोदामांत आणि कारखान्यांत गेली. ती आगीला अधिक टिकते हे एक कारण झालेच. पण त्याहून मोठे कारण असे, की जाड तुळया देणारी झाडेच संपत चालली होती. फूटभर जाडीची अखंड तुळई मिळते ती शंभर-दोनशे वर्षांच्या वृक्षातून. आणि इथेच दुसरा हिशेब सुरू होतो.

मिनेसोटातल्या अरण्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आगीचे नुकसान विमावाल्यांच्या वहीत चढत होते, कारण पैसे त्यांच्या खिशातून जात होते. अरण्याचे नुकसान कुणाच्याच वहीत नव्हते. लाकूड कंपन्या एक टापू तोडत आणि पुढच्या टापूकडे सरकत. मागे फांद्या, शेंडे, साली यांचे ढीग पडून राहत. १८९४ चा उन्हाळा कोरडा गेला आणि १ सप्टेंबरला हिंक्ली गावाच्या परिसरात या ढिगांनी पेट घेतला. काही तासांत चारशेहून अधिक माणसे मेली. जेम्स रूट नावाच्या इंजिनचालकाने पेटती आगगाडी उलटी हाकत एका उथळ तळ्यापर्यंत नेली, म्हणून शेकडो प्रवासी वाचले. तिथल्या लोकांनी त्या दिवसाची स्मृती जपली आहे. पण तोड थांबली नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस मिनियापोलिसमधला लाकूडउद्योग आटोपला. १९२९ मध्ये राज्याच्या उत्तर भागातल्या व्हर्जिनिया गावची पांढऱ्या पाइनची प्रचंड गिरणीही बंद पडली. लाकडाची राजधानी लाकडाविना उरली. बटलरच्या गोदामात उभे असलेले खांब हे एका अर्थाने त्या अरण्यांच्या युगाचे अवशेष आहेत.

पुढची सत्तर-ऐंशी वर्षे काँक्रीट आणि पोलादाची. त्यांनी माणसांना पक्की, उंच, सुरक्षित घरे दिली, हे नाकारून चालणार नाही. पण त्यांचाही एक न मांडलेला हिशेब होता, तो हवेतला. सिमेंट करताना चुनखडी भाजतात. भट्टीच्या इंधनाचा धूर तर होतोच, शिवाय त्या दगडात बांधलेला कार्बन डायऑक्साइडही सुटतो. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे. लाकडाचे याच्या उलट आहे. झाड वाढताना हवेतला कार्बन घेते. सुक्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बनच असतो. ते लाकूड इमारतीत जोवर आहे, तोवर तो कार्बनही तिथेच राहतो. म्हणून एकविसाव्या शतकात बांधकामवाल्यांची नजर पुन्हा लाकडाकडे वळली.

पण जाड झाडे आता कुठून आणायची? यावर उत्तर युरोपात तयार झाले होते. फळ्या एकमेकींना चिकटवून मोठी तुळई करण्याचे एकस्व जर्मनीत ओटो हेट्झर यांनी १९०६ मध्येच घेतले होते. पुन्हा तेच वर्ष, हा निव्वळ योगायोग. पुढे १९९० च्या दशकात ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे गेरहार्ड शिकहोफर यांच्यासारख्या संशोधकांनी फळ्यांचे आडवे-उभे थर चिकटवून भिंतीएवढे आणि छताएवढे पत्रे करण्याची विद्या पक्की केली. मुद्दा साधा आहे. दोनशे वर्षांच्या एका झाडाऐवजी काही दशकांत वाढणाऱ्या लहान झाडांच्या फळ्या वापरायच्या आणि त्यांची एकजूट करून जाड लाकूड घडवायचे. जाडी आली की सावकाश जळण्याचा तो जुना गुणही आपोआप येतो.

मिनियापोलिसची २०१६ ची इमारत या विद्येवर उभी आहे. तिचे नाव टी-थ्री. मायकल ग्रीन या कॅनडातल्या वास्तुविशारदाच्या कार्यालयाने ती हाइन्स या विकासक कंपनीसाठी आखली. तळमजला काँक्रीटचा, त्यावर सहा मजले लाकडाचे. खांब-तुळया चिकटवलेल्या फळ्यांच्या. तक्तपोशी मात्र उभ्या फळ्या शेजारी शेजारी ठेवून खिळ्यांनी ठोकलेली. गंमत अशी, की ही खिळ्यांची तक्तपोशी नवी नव्हेच, जुन्या गोदामांतही ती वापरत असत. सुट्या भागांची जुळणी इतकी झपाट्याने झाली, की सुमारे एक लाख ऐंशी हजार चौरस फुटांचा लाकडी सांगाडा दहा आठवड्यांच्या आत उभा राहिला. इमारतीत एकंदर ३,६०० घनमीटर लाकूड आहे.

आणि हे लाकूड आले कुठून? त्यातले बरेचसे अमेरिका-कॅनडाच्या वायव्य भागात पाइनच्या सालीत शिरणाऱ्या भुंग्याने मारलेल्या झाडांचे होते. हा भुंगा पूर्वीही होता. पण कडक थंडीत त्याच्या अळ्या मरत. हिवाळे सौम्य झाले तशा त्या जगू लागल्या आणि १९९० च्या दशकापासून एकट्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सुमारे एक कोटी ऐंशी लाख हेक्टर जंगलाला त्यांनी ग्रासले. उभी वाळलेली ही झाडे कुजली किंवा वणव्यात जळली असती तर त्यांतला कार्बन हवेत गेला असता. ती इमारतीत आली. टी-थ्रीची खरी थोरवी मला तिच्या उंचीत किंवा वेगात दिसत नाही. या लाकडाच्या मागे एक सांगता येण्याजोगा हिशेब आहे, यात ती दिसते.

कारण प्रत्येक लाकडी इमारतीच्या मागे असा हिशेब असतोच, असे नाही. २०२२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी शहरात असेंट ही पंचवीस मजली निवासी इमारत पुरी झाली. तिचे बहुतेक मजले लाकडाचे आहेत. उंची ८६.६ मीटर. लाकडी बांधकामातला तो मोठा टप्पा होता. पण तिचे लाकूड आले ते ऑस्ट्रियातून, अटलांटिक ओलांडून. ज्या विस्कॉन्सिनच्या अरण्यांनी एकेकाळी शिकागो उभे केले, त्याच राज्यात उंच लाकडी इमारतीसाठी परदेशी लाकूड आणावे लागले. आगीचे नियम अमेरिकेने पुन्हा तपासले, चाचण्या घेतल्या आणि २०२१ च्या आदर्श बांधकाम संहितेत अठरा मजल्यांपर्यंत लाकडाला वाट करून दिली. अरण्याच्या हिशेबाची अशी संहिता मात्र कुठेही नाही. नव्या लाकडी इमारतींवर टीका करणारे अभ्यासक नेमके इथेच बोट ठेवतात. तोडलेल्या जागी पुन्हा झाड उभे राहिले नाही, किंवा पन्नास वर्षांनी इमारत पाडून तिचे लाकूड जाळून टाकले, तर कार्बन साठवल्याचा सारा दावा फोल ठरतो. त्यांचे हे म्हणणे खोडून काढता येत नाही.

आता हा सगळा दूरचा इतिहास आपल्याशी कसा जोडला जातो, ते पाहू. लाकडी बांधणी आपल्याला नवखी नाही. खाली दुकान, वर कडीपाटाच्या छताखाली बिऱ्हाड, ही आपल्या पेठांची जुनी घडण. गिरगावातल्या कितीतरी चाळी सागवानी खांबांवर उभ्या राहिल्या. आग आपणही भोगली आहे. फेब्रुवारी १८०३ मध्ये मुंबईच्या कोटातला मोठा भाग जळाला आणि त्यानंतर वस्ती कोटाबाहेर सरकू लागली. १८२८ मध्ये पुण्याचा शनिवारवाडा जळाला. आणि अरण्याचा हिशेबही आपल्याकडे चुकला. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने मलबारच्या सागाची जहाजे बांधली. १८१७ मधली त्यांची 'त्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे, इतके ते लाकूड आणि काम अस्सल. पण मलबारचा साग आटू लागला, तेव्हा कलेक्टर कनॉली आणि चातू मेनन यांनी १८४० च्या दशकात निलांबूरला सागाची लागवड सुरू केली. तोडलेल्याचे देणे फेडण्याचा तो आपल्याकडचा आरंभीचा मोठा प्रयत्न. पुढे रेल्वेच्या स्लीपरांनी पुन्हा तोच घाला घातला. शेवटी १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने आपल्या इमारतींत लाकूड वापरायला मनाई केली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्ययोजनेखेरीज जंगलात झाडे तोडण्यास बंदी केली. बांधकाम खात्याची ती मनाई २०२० मध्ये उठली.

म्हणजे आपल्याकडेही दार पुन्हा किलकिले झाले आहे. उद्या एखादा विकासक पुण्यात किंवा मुंबईत लाकडी कार्यालय बांधायला निघेल आणि जाहिरातीत तिला पर्यावरणस्नेही म्हणेल. तेव्हा आगीबद्दल आपण विचारूच. अग्निशमन दल आणि विमा कंपनीही विचारील. तो प्रश्न विचारणारी माणसे दोनशे वर्षांत तयार झाली आहेत. दुसरा प्रश्न विचारणारे अजून थोडे आहेत. हे लाकूड कुठल्या जंगलातले? ते तोडले तेव्हा तिथे काय लावले, आणि ते वाढते आहे का? बंदरावरून आले असेल तर पलीकडच्या किनाऱ्यावर त्याची नोंद कोण ठेवतो?

आणि एक प्रश्न त्याहून जवळचा. पेठेतला वाडा पाडतात तेव्हा त्याच्या तुळया जुन्या लाकडाच्या वखारीत जातात. त्यांतल्या काही रंधून पुन्हा कुणाच्या दारा-खिडक्यांना लागतात, काही फर्निचर होतात, आणि काही सरपणात जातात. शंभर-दीडशे वर्षे जुना साग सरपणात घालणारे शहर नव्या लाकडी इमारतींच्या गोष्टी करू लागले, तर त्याला आधी आपल्या वखारीचा हिशेब विचारायला हवा. बटलरचे गोदाम पाडले गेले असते तर त्या अरण्याची उरलीसुरली निशाणीही गेली असती. ते वापरात राहिले, म्हणून त्या झाडांतला कार्बन अजून त्या खांबांतच आहे. नवे लाकूड आणण्याआधी आहे ते लाकूड उभे ठेवणे, ही या सगळ्या विद्येतली सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त पायरी आहे. तिच्यासाठी ऑस्ट्रियाकडून काही शिकावे लागत नाही.